प्रतीक्षेत ठेवलेल्या प्रतिक्रिया

शारजाच्या औद्योगिक भागात, एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, वेबसाइटना भाड्यानं जागा देणाऱ्या त्या होस्टिंगवाल्याचं ऑफिस होतं. मी फुजैऱ्याहून दीड तास गाडी हाकत तिथं पोचले, तर दाराला कुलूप. आणि कुलपासमोर आणखी एक माणूस उभा. हातात फाइल, खिशाला दोन पेनं, आणि चेहऱ्यावर माझ्याच चेहऱ्यावर असेल तसला वैताग.

"आप की भी साइट बंद है?" त्यानं विचारलं.

"कभी दिखती है, कभी एरर आता है," मी म्हटलं. मग कुलपाकडे बघत स्वतःशीच पुटपुटले, "आणि मी मेली एवढ्या लांबून आले."

तो एकदम वळला. "लांबून म्हणजे कुठून?"

मराठीत विचारलं होतं, आणि बोलण्यातला हेल आमच्या किनाऱ्याकडचा. श्रीवर्धनचा, हे त्यानं नंतर सांगितलं. नाव रेहान. तिथंच दोन गल्ल्या पलीकडे गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या गोदामात तो कॉम्प्युटर सांभाळायचा आणि गोदामाची वेबसाइटही. खालच्या टायरवाल्यानं सांगितलं, वरचा मालक आठवड्यापूर्वीच मुलुखाला निघून गेला, फोन बंद, खलास. रेहाननं तिथंच उभ्या उभ्या चार ठिकाणी फोन लावले. मग मला म्हणाला, "सर्व्हर त्याचा नव्हताच. भाड्यानं घेतलेला होता. या महिनाअखेरपर्यंत चालेल. म्हणजे एकोणीस दिवस. नंतर सगळं पुसलं जाईल."

मी बंद कुलूप पुन्हा हलवून बघितलं. तो माझ्याकडे बघत होता.

"तुमचा धंदा कसला आहे?"

"धंदा नाही. ब्लॉग आहे. 'फुजैऱ्याहून' नावाचा. मी लिहिते... बंदराबद्दल, शाळेबद्दल, भाभीच्या लोणच्याबद्दल."

"वाचतं कोण?"

"आता फारसं कुणी नाही."

"मग मी वाचीन," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "ब्लॉग दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचा म्हटलं तर वाचावंच लागेल."

असं ते सुरू झालं.

मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते, माझे भाई रफिक आणि हुमेरा भाभी यांच्या घरी राहते. दुपारी शाळा सुटली की रेहानचे मेसेज येऊन पडलेले असत. 'तुमच्या ब्लॉगला तेवीस प्लगइन आहेत. हवामानाचं कशाला? फुजैऱ्यात ऊन आहे हे प्लगइनशिवाय कळतं.' मी लिहायची, 'राहू दे. मला तो छोटा सूर्य आवडतो.' त्याला सगळं साध्या सॉफ्टवेअरवर न्यायचं होतं, नुसती पानं, रोजची अपडेटची कटकट नको. मला जुनंच हवं होतं, कारण त्याची बटणं माझ्या बोटांना पाठ होती. आठवडाभर यावर आम्ही भांडलो, आणि शेवटी तो म्हणाला, "बरं, जुनंच राहू दे. पण सूर्य जाईल." मी सूर्य सोडला.

तो खरंच वाचत होता. कधी मधेच विचारायचा, 'बांगड्याच्या पोस्टमध्ये मीठ किती, ते लिहिलंच नाहीत.' मी फोनकडे बघून हसले की भाभी ओट्यापाशी उभी राहून नुसती भुवई उचलायची, बोलायची काही नाही.

एके दुपारी त्यानं फोनच केला. "एक विचारू? चार वर्षांपूर्वीपर्यंत आठवड्याला दोन पोस्ट आहेत. मग एकदम चार महिने काहीच नाही. नंतर... लिहिणारी बाईच वेगळी वाटते."

"अबरार गेले," मी म्हटलं. "माझे मिस्टर. मसाफीच्या रस्त्यावर, अपघातात."

पलीकडे गोदामातली एक ट्रॉली खडखडत गेली. मग तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं. माफ करा."

मी आणखी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

अबरार जहाजांना तेल भरणाऱ्या बार्जवर इंजिनियर होते. बार्ज आमच्या कॉर्निशवरून, समुद्राकाठच्या रस्त्यावरून, दिसायची, पण तीन-तीन आठवडे त्यांना उतरता यायचं नाही. तेलाचं काम, डेकवर मोबाइलला बंदी. मेसमधल्या सामाईक कॉम्प्युटरवर दहा मिनिटं मिळायची, त्यावर चॅट बंद, वेबसाइट तेवढ्या उघडत. म्हणून त्यांनीच मला हा ब्लॉग उघडून दिला. मी पोस्ट लिहायची आणि ते खाली प्रतिक्रियेच्या चौकटीत मला उत्तर लिहायचे. इंग्रजी अक्षरांत आमची मराठी, आणि दर वेळी नाव वेगळं. कधी 'भुकेला खलाशी', कधी 'चण्याचा दुश्मन'. 'आज डेकवर सत्तेचाळीस डिग्री. कुकनं परत चणेच केलेत. तू जेवलीस काय?' मी त्या प्रतिक्रिया कधीच मंजूर केल्या नाहीत. मंजूर केल्या असत्या तर जगाला दिसल्या असत्या. त्या तशाच मंजुरीच्या प्रतीक्षेत पडून राहायच्या, फक्त माझ्यासाठी. माझी पुढची पोस्ट म्हणजे त्यांना उत्तर असायचं. लोकांना वाटायचं ही बाई माशांवर लिहिते.

ते गेल्यावर मी ती यादी एकदाही उघडली नाही. ती तिथं आहे, एवढं पुरे होतं.

मुदत संपायला पाच दिवस असताना रेहानचा मेसेज आला. 'डेटाबेस उतरत नाहीये, मधेच तुटतोय. साठ हजार कॉमेंट्स आहेत, सगळा जाहिरातींचा कचरा. काढू का?' मी शाळेत होते, समोर पालकांची रांग होती. मी लिहिलं, 'काढा.'

दुसऱ्या दिवशी शनिवारी तो फुजैऱ्याला आला. कॉर्निशवरच्या चहाच्या हॉटेलात लॅपटॉप उघडून त्यानं तो माझ्यासमोर सरकवला. ब्लॉग नव्या जागी होता. पानं झटकन उघडत होती. तो एवढा खूश होता की त्याचा चहा तसाच गार झाला. "बघा, चालवून बघा."

मी आत गेले. माझं बोट आपसूक प्रतिक्रियांवर गेलं. प्रतीक्षेत : शून्य.

"इथल्या कॉमेंट्स कुठे आहेत?"

"मंजूर केलेल्या सोळा होत्या, त्या आणल्यात."

"त्या नाही. मंजूर न केलेल्या."

"त्या... तो कचराच होता ना?" त्याचा आवाज मधेच उतरला. "तुम्ही काढा म्हणालात. स्पॅम आणि प्रतीक्षेतल्या, दोन्ही याद्या मी रिकाम्या केल्या. का? त्यात काय होतं?"

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज स्थिर होता, याचं मलाच नवल वाटलं. समोर समुद्रात तीन बार्ज उभ्या होत्या. ऐकता ऐकता त्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

"बॅकअप... त्यांच्याकडे बॅकअप असेल," तो म्हणाला. त्यानं तिथंच बसून शोधलं. मालकानं बॅकअप कधी ठेवलेच नव्हते.

"तुमची चूक नाही," मी म्हटलं. "काढा असं मीच लिहिलं." मी लॅपटॉप मिटला, पर्स उचलली आणि घरी आले. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि चार वर्षांत रडले नव्हते तशी रडले.

त्यानंतर त्याचा एकच मेसेज आला. 'ब्लॉगच्या जुन्या मेलबॉक्सचा पासवर्ड बदलायची परवानगी द्या. बाकी काही विचारू नका.' मी 'दिली' एवढंच लिहिलं. मग महिनाअखेर आली, तो सर्व्हर बंद झाला, आणि रेहानचं काही कळलं नाही. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते. कसली, ते मला सांगता आलं नसतं. त्याच्यावर राग धरायचा प्रयत्न केला. राग टिकायचा नाही, आणि मग त्या न टिकण्याचाच राग यायचा.

जानेवारीत आमच्याकडे वर्षातले ते दोन-तीन दिवस पाऊस पडला. डोंगरातल्या वाड्यांना, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांना, पाणी आलं, शाळा लवकर सोडल्या. मी फाटकाबाहेर आले तर तो समोर उभा. शर्ट ओला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक पेन ड्राइव्ह.

"रस्ता बंद होता," तो म्हणाला. "धैदवरून फिरून आलो. दोन मिनिटं द्याल?"

आम्ही सुरक्षा केबिनच्या पत्र्याखाली उभे राहिलो. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की त्याला जवळ येऊन बोलावं लागलं.

"कॉमेंट आली की ब्लॉग मालकाला एक मेल पाठवतो, अख्ख्या मजकुरासकट. तो मेलबॉक्स तुमच्या मिस्टरांनीच उघडला होता. तुम्ही कधी बघितला नसणार. सर्व्हर बंद व्हायच्या आत मी तो सगळा उतरवून घेतला. अडतीस हजार मेल."

"मग?"

"शब्द टाकून शोधल्यावर ऐंशी सापडल्या. पण त्यांचं लिहिणं... कधी 'आहे', कधी 'हाय', कधी नुसतं 'जेवलीस काय'. नाव तर रोज नवं. म्हणून बाकीचे डोळ्यांनी चाळले. पाच आठवडे लागले." त्यानं पिशवी पुढं केली. "एकशे ब्याण्णव आहेत. एखादी सुटली असेल तर... माझ्या नजरेला माफ करा."

मला पिशवी धरता येईना. त्यानं ती माझ्या पर्सच्या कप्प्यात अलगद ठेवली.

"तुम्ही वाचल्यात?"

"पहिली ओळ वाचायचो, तुमचीच आहे एवढं कळलं की पुढचं कागदानं झाकायचो. एक मात्र शेवटपर्यंत वाचली. माझ्याच कामाची होती. त्यांनी लिहिलंय, हा होस्टिंगवाला बेकार आहे, साइट फार हळू झालीय, या रजेत घरी आलो की दुसरीकडे हलवतो. ती शेवटून तिसरी आहे."

पावसात शाळेची एक बस निघून गेली. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"आणखी एक सांगायचंय," तो म्हणाला. "न सांगता गेलो तर पुढे कधीच सांगू शकणार नाही. त्या दिवशी कॉर्निशवरून परत जाताना मला वाईट वाटत होतं, पण त्यात कुठेतरी... एक क्षण मला बरं वाटलं होतं. की आता ते तिथं नाहीत. मला लाज वाटली त्याची. म्हणूनच पाच आठवडे एकही मेल सोडला नाही."

"बरं का वाटलं?"

त्यानं ओल्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "तुम्हाला कळलंय ते."

आणि तो पावसातच गाडीकडे चालत गेला.

मी रोज दुपारी थोड्या थोड्या वाचल्या. एकशे ब्याण्णव प्रतिक्रिया वाचायला मला तेवीस दिवस लागले. काही ठिकाणी हसले, इतकी की भाभी बघायला आली. मग मी भाभीला जवळ बसवून काही वाचूनही दाखवल्या. चण्यांवर त्यांनी नऊदा तक्रार केली होती. ती शेवटून तिसरी वाचली त्या दिवशी मात्र मी गच्चीवर जाऊन बसले. मला वाटलं होतं, सगळं वाचून झालं की मी पुन्हा चार वर्षं मागं जाईन. तसं झालं नाही. मला अबरार आठवत होते, आणि त्याच वेळी, कागदानं ओळी झाकत बसलेला एक माणूसही डोळ्यांसमोर येत होता. एकामुळे दुसरा पुसला जात नव्हता.

त्याच सुमारास भाईनं रत्नागिरीहून आलेलं एक स्थळ सांगितलं. मी नको म्हटलं. भाभी भाईला म्हणाली, "तिला विचारण्यापेक्षा, शारजातल्या त्या माणसाला जेवायला का बोलवत नाही?" भाई माझ्याकडे बघत राहिला. मी ताट पुसत राहिले, आणि नाही म्हटलं नाही.

पुढच्या शनिवारी भाभीला दुबईच्या मीना बाजारातून कापड घ्यायचं होतं. ती एकदा दुकानात बसली की दोन तास उठत नाही. मी रेहानला जवळच, बर दुबईच्या अब्रा होड्यांच्या धक्क्यावर यायला सांगितलं. तो माझ्या आधी येऊन उभा होता. खाडीवर ऊन पसरलं होतं, होड्या भरत होत्या, सुटत होत्या.

"सगळ्या वाचल्या," मी म्हटलं.

त्यानं होड्यांवरची नजर माझ्याकडे वळवली.

"शुक्रवारी आमच्याकडे जेवायला या. भाईशी बोला."

"काय बोलू?"

"जे पावसात अर्धवट ठेवून पळालात ते. या वेळी पूर्ण बोला."

त्याच्या ओठांवर हसू आलं आणि विरलं. त्यानं धक्क्याचा कठडा धरला. "आणि... अबरार?"

"ते राहतील. मी त्यांना विसरणार नाही, आणि विसरायचं नाटकही करणार नाही. तुम्हाला जड जाईल?"

एक होडी भरली, सुटली, मधल्या पाण्यापर्यंत गेली. मी मनात म्हटलं, आता 'नाही जाणार' असं गोड खोटं बोलला तर मी घरी जाईन.

"जाईल," तो म्हणाला. "रोज नाही. पण कधी कधी जाईल. तेव्हा मी तसं सांगेन."

मी कठड्यावर हात ठेवला, त्याच्या हाताशेजारी, दोन बोटांचं अंतर ठेवून.

"शुक्रवारी जुम्म्यानंतर येतो," तो म्हणाला. "इन्शाल्ला. येताना काय आणू?"

"काही नको. या फक्त."

"यम्ना..." तो थांबला. त्यानं आजवर मला नावानं हाक मारली नव्हती. मग खाडीकडे बघतच, फार हळू, म्हणाला, "तू जेवणात काय करणार आहेस?"

ते 'तू' त्याला स्वतःलाही ऐकू आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. त्यानं ते मागं घेतलं नाही. मीही दुरुस्त केलं नाही.

"बांगडे," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं भाभीला शोधायला मीना बाजाराकडे चालू लागलो.