कर्नल ऊर्फ बटर

"अहो बाई, थांबा! माझा बटर घेऊन कुठे निघालात?"

टॅम्सिन चपापून वळली. फालमथ या बंदरगावाच्या त्या उताराच्या गल्लीत पाऊस नुसता भुरभुरत होता. समोर एक उंच माणूस धापा टाकत उभा होता. अंगात फेरीबोटवाल्यांचं निळं जाकीट, हातात अर्धा खाल्लेला, केशर घातलेला बनपाव.

"तुमचा?" तिने टोपली छातीशी घट्ट धरली. "हा माझा कर्नल आहे. दवाखान्यात चाललाय."

"कर्नल? अहो, रोज संध्याकाळी माझ्या ताटातला मासा खातो तो!"

"आणि रोज सकाळी माझ्याकडची कोंबडी!"

टोपलीतल्या आरोपीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि घसा ताणून हंबरडा फोडला.

मग उलगडा झाला. मांजर मूळचं गल्लीच्या टोकावरच्या ट्रेव्हेना आजींचं. गेल्या हिवाळ्यात आजी वारल्या, आणि तो अनाथ जीव आपणच सांभाळतोय असं दोघांनाही वाटत होतं. टॅम्सिन दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बंदरावर शिडं शिवायची, आणि हा बोटवाला, पेरन, पहाटेपासून दुपारपर्यंत फेरीबोट चालवायचा. त्यामुळे गल्लीत समोरासमोर येण्याची वेळच कधी आली नव्हती.

"दोन्ही घरी चापतो लेकाचा, आणि तरी नुसता हाडांचा सापळा!"

"थायरॉइड वाढलंय त्याचं. मी रोज सकाळी गोळी देते, पण आठवडाभर उलट्याच करतोय…"

पेरनचा चेहरा खर्रकन उतरला. "सकाळी? मी… मी संध्याकाळी देतो. खाडीपलीकडच्या डॉक्टरांनी दिली होती."

मग त्याने टोपली तिच्या हातातून घेतली, आणि दोघं जवळजवळ पळतच दवाखान्यात पोचले.

"तरीच! दुप्पट डोस!" डॉक्टर पास्को बाई कडाडल्या. "याच्या रक्ताचे आकडे बघून मला वेड लागायची पाळी आली होती! थोडे दिवस असंच चाललं असतं, तर गेलाच असता हा." मग जरा नरमल्या. "आता गोळ्या बंद. ब्रिस्टलच्या प्राण्यांच्या रुग्णालयात न्या. किरणोत्सारी आयोडीनचं एक इंजेक्शन देतात. बिघडलेली गाठ ते आयोडीन शोषून घेते आणि जळून जाते, बाकीच्या अंगाला धक्का नाही. फक्त किरणं बरीचशी ओसरेपर्यंत त्याला तिथे एकटं राहावं लागेल. भेटायला जायचं नाही."

"पण… निभावेल ना तो?" टॅम्सिनने विचारलं.

"हृदय थकलंय त्याचं. आशा आहे, एवढंच सांगते."

पेरनच्या गाडीतून दोघंच त्याला सोडायला गेले. परतताना रिकाम्या सीटकडे बघून टॅम्सिनला रडू फुटलं. पेरन रस्त्याकडेला गाडी थांबवून बसून राहिला, तिचं रडून होईपर्यंत.

ब्रिस्टलची नर्स रोज संध्याकाळी टॅम्सिनला फोन करायची, आणि टॅम्सिन पेरनला.

"आज निम्मंच खाल्लं म्हणे."

"निम्मं? म्हणजे माणसात आला! आणि तुम्ही जेवलात का?"

"माझं काय मध्येच?"

"विचारलं आपलं… कर्नलच्या आईची काळजी नको घ्यायला?"

ती फोन ठेवायची आणि हसत बसायची. मग स्वतःवरच चिडायची. फोनची वाट बघतेय ती मांजरासाठी, की… छे! काहीच धड कळेना. शिडाची शिवण दोनदा उलटी पडली.

आणि एका संध्याकाळी फोन एका बाईने उचलला. "पेरन ना? अंघोळीला गेलाय. काही निरोप?"

निरोप कसला… टॅम्सिनने घाईघाईने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पेरन सहज म्हणाला, "बटरला तुमच्याकडेच ठेवावं लागेल हं. घरी जेन्ना आलीये, तिला दिवस गेलेत. डॉक्टर म्हणाल्या, गरोदर बाईजवळ इतक्यात नको."

"हो, अर्थातच," ती म्हणाली. जेन्ना कोण, हे विचारायचा धीर मात्र झाला नाही.

मांजर घरी आलं. अंगात थोडी किरणं उरलेली, म्हणून काही दिवस त्याला मांडीवर घ्यायचं नाही, अंथरुणात घ्यायचं नाही, बाहेर सोडायचं नाही. पेरन रोज यायचा. दोघं सोफ्यावर बसायचे आणि कर्नल समोरच्या खुर्चीवरून रागाने बघायचा.

"बघतोय कसा! जवळ घेत नाही म्हणून शाप देतोय."

"जवळ घ्यावंसं वाटतं, पण घेता येत नाही…" ती बोलून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. अंमळ जास्तच वेळ. लग्न झालेला माणूस असा बघतो? की आपल्यालाच भास होतोय? रोज ठरवायची, उद्या येऊ नका म्हणून सांगायचं. आणि रोज दोन कप मांडायची.

मग बंधनं उठली. रक्ततपासणी चांगली आली. कर्नल गुबगुबीत झाला, शांत झाला. दार उघडं ठेवलं तरी उंबऱ्यावर ऊन खात पडून राहू लागला.

निमित्त संपलं, तसं पेरनचं येणंही थांबलं. ती मनाशी म्हणाली, बरंच झालं. आणि दिवसभर तिला काही सुचलं नाही.

रविवारी दुपारी तो पावसात भिजून दारात उभा होता. हातात कागदात गुंडाळलेला मासा.

"बटर आताशा येत नाही माझ्याकडे."

"बरा झालाय तो. एका जेवणात पोट भरतं. त्याला आता दुसरं घर लागत नाही."

"हो ना…" तो खाली बघत म्हणाला. "पण मला लागतं."

तिचं काळीज लक्कन हललं, आणि पाठोपाठ संतापही उसळला. "लाज नाही वाटत? घरी बायकोला दिवस गेलेत, आणि तुम्ही इथे—"

"बायको?"

"जेन्ना!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "जेन्ना माझी बहीण आहे! नवरा नौदलात, सहा-सहा महिने समुद्रावर. बाळंतपणाला माझ्याकडे आलीये." मग त्याचा आवाज एकदम उतरला. "म्हणजे इतके दिवस तुम्ही मला… आणि तरी रोज चहा देत होतात?"

आता जमिनीने पोटात घ्यावं असं टॅम्सिनला वाटलं. "देत होते. काय करणार? सांगायला जायची येऊ नका, आणि… तू आलास की शब्दच सुचायचे नाहीत, पेरन."

"आणि आता?"

"आताही सुचत नाहीत."

"मग राहू देत."

तिने त्याच्या हातातला मासा घेतला, बाजूला ठेवला, आणि त्याच्या ओल्या जाकिटावर डोकं टेकलं. त्याचे हात आधी बिचकले… मग तिच्याभोवती घट्ट झाले.