दोन बेरजा

चारुताने रेसच्या घोड्यांच्या ट्रेनर लोकांचं पहिलं कार्ड लिहिलं ते १९९१च्या मे महिन्यात, बी.एस्सी.चा शेवटचा पेपर देऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी. पनवेलच्या लाइन आळीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत टेबल नव्हतं. तिने शिवणयंत्रावर पाट टाकला, त्यावर आखीव कार्डं मांडली आणि बाबांनी रद्दीवाल्याकडून उचलून आणलेली सहा वर्षांची रेसबुकं डाव्या हाताला रचली. कुणा अनोळखी शौकिनाने प्रत्येक शर्यतीचा निकाल समासात पेन्सिलीने लिहून ठेवला होता. अक्षर नेटकं होतं, त्यामुळे काम सोपं होतं.

"लोक घोडा बघतात, जॉकी बघतात," ती बाबांना म्हणाली. "घोडा चार-पाच वर्षांत संपतो. जॉकी आज याचा, उद्या त्याचा. ट्रेनर मात्र तोच राहतो, आणि त्याच्या सवयीही. कुणाचा घोडा लांब सुट्टीनंतर पहिल्याच धावेत जिंकतो, कुणाचा तिसऱ्या. कुणी छोट्या अंतराला चांगला, कुणी लांबच्या. हे सगळं मोजता येतं."

"हे मला कुणी तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं," बाबा म्हणाले.

"सांगत होते की मी," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "फक्त मोजायला नाही, सोडायला सांगत होते."

बाबा, म्हणजे अविनाश, पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. चारुताला पुण्याला एम.एस्सी. करायची होती. त्यासाठी बाजूला टाकलेले पैसे गेल्या हंगामात महालक्ष्मीच्या मैदानावर गेले, आणि ही गोष्ट घरात एकदाच बोलली गेली. पुन्हा कुणी ती काढली नाही. पण त्यानंतर आईने बाबांच्या ताटात वाढताना त्यांच्याकडे बघणं सोडलं होतं. एक ठेव अजून उरली होती. बाबा म्हणाले, घोड्यांनी नेलं ते घोडेच परत आणतील, तू फक्त योग्य ट्रेनर काढून दे. चारुता बसली ती बापावरच्या मायेने नव्हे. तिला पनवेलमधून बाहेर पडायचं होतं, आणि दुसरा रस्ता दिसत नव्हता.

प्रत्येक ट्रेनरच्या धावांची बेरीज ती दोन बाजूंनी करायची. एकदा शर्यतींवरून: या दिवशी त्याचे दोन घोडे धावले, त्या दिवशी तीन. एकदा घोड्यांवरून: हा घोडा हंगामात पाचदा धावला, तो सहादा. दोन्ही बेरजा एक आल्या की कार्ड बरोबर. कॉलेजात सरांनी लावलेली सवय. अडतीस ट्रेनरांची कार्डं जुळली. एकोणचाळिसावं जुळेना.

मेजर दळवी. मुंबईच्या हंगामाचे आकडे चोख. पुण्याच्या हंगामाचे, १९८५पासून दरवर्षी, एकाने वेगळे. शर्यतींवरून त्रेसष्ट, घोड्यांवरून बासष्ट. पुढच्या वर्षी अठ्ठावन्न आणि सत्तावन्न. फरक हंगामाच्या पहिल्याच दिवशी पडायचा आणि शेवटपर्यंत तसाच राहायचा.

तिने लाल पेन्सिल घेतली. शर्यतीतली प्रत्येक धाव त्या त्या घोड्याच्या नावाशी जुळवून खूण करत गेली. शेवटी खूण नसलेली एकही धाव उरली नाही. मग तिने पुन्हा बेरजा केल्या. त्रेसष्ट आणि बासष्ट.

बाबांनाही करायला लावल्या. तीस वर्षं खात्यात आकडे जुळवलेला माणूस. त्यांनी दोन दुपारी घालवल्या आणि चष्मा काढून ठेवला.

"जुळत नाही गं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, उत्सुकता होती. "पण हे बघितलंस का? पुण्याच्या पहिल्या दिवशी त्याचा घोडा जिंकलाय. सहाच्या सहा वर्षं."

तिने ते बघितलं होतं. सांगितलं नव्हतं.

मुंबईत जुळतं, पुण्यात जुळत नाही. म्हणजे जे होतं ते मधे कुठेतरी. मधे काय आहे, हे पनवेलच्या माणसाला विचारावं लागत नाही. घोड्यांचे ट्रक घाट चढण्याआधी पळस्पे फाट्याच्या पुढे एका पत्र्याच्या शेडपाशी थांबतात, घोड्यांना पाणी दाखवतात. मेजर दळवींचे ट्रक सगळ्यांत शेवटी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघतात, ही खबर बाबांनी बुकीकडून आणली.

सकाळी नऊच्या सुमाराला दोघं स्कूटरवरून तिथे पोचले. आभाळ खाली आलेलं, वारा नाही, हवेत ओल्या गवताचा आणि डिझेलचा वास. शेडमध्ये शुक्रा आणि त्याची बायको मंगळी विहिरीचं पाणी टाकीत ओतत होती. जवळच्याच कातकरवाडीतली माणसं. ट्रक आले की पाण्याचं आणि गवताचं काम त्यांचं.

तीन ट्रक आले. फळ्या लागल्या. सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, एकेक घोडा उतरवून रांगेतल्या बादलीशी आणून उभा करू लागले. चारुताच्या हातात यादी होती: या वर्षी मेजर दळवींच्या तबेल्यात चौदा घोडे, नावं, रंग, वय.

बादल्या पंधरा होत्या. शेवटची रांगेपासून दोन हात लांब ठेवलेली, काठोकाठ भरलेली. तिच्याजवळ कुणी नव्हतं.

"ही कुणाची?" तिने शुक्राला विचारलं.

"ऱ्हाऊ द्या ती."

"घोडे चौदाच आहेत ना?"

"आमी मोजत नाय, ताई. पाणी भरतो नि ठेवतो. घाटाच्या आदी कोनी मोजत नाय. सईस बी नाय. वर गेले का मोजतात."

"का पण?"

"नाय मोजत," शुक्रा म्हणाला, आणि पाठ फिरवून गवताची पेंढी सोडू लागला.

"पुस्तकवाल्या हायत त्या," मंगळी टाकीजवळून हसली. "त्यांना समदं पायजे."

चारुताला राग आला नाही. ती मोजायलाच आली होती. ट्रकच्या बाजूने सुरुवात करून तिने मनातल्या मनात मोजलं. चौदा. मग शेताच्या बाजूने उलट. पंधरा. यादी काढली, एकेका घोड्याला नाव लावलं. सगळी नावं लागली, एकही घोडा बिननावाचा राहिला नाही. पुन्हा शेताकडून मोजलं. पंधरा.

तिने यादीची घडी घातली.

"किती?" बाबांनी विचारलं.

"इकडून चौदा. तिकडून पंधरा."

बाबांच्या चेहऱ्यावर तो उजेड आला जो घरात कधी दिसायचा नाही. रेसबुक उघडलं की तेवढा दिसायचा. "थांब, मी बघतो तिथे काय आहे ते. तू मोठ्याने मोज."

"नको, बाबा."

"अगं मोज. एवढ्यासाठी तर आलो."

ते रांगेच्या कडेने चालत लांबच्या बादलीपाशी गेले आणि शेजारी उभे राहिले. चारुताने पेन्सिल उचलली. या वेळी ट्रकच्या बाजूने, म्हणजे जिकडून चौदाच यायचे तिकडून, मोजायचं तिने ठरवलं. एकेका घोड्यावर पेन्सिलीचं टोक धरत ती मोठ्याने बोलू लागली. पाच म्हणाली तेव्हा सईस बोलायचे थांबले. नऊ म्हणाली तेव्हा एकाने घोड्याच्या डोळ्यांवर हात ठेवला. बारा. तेरा. चौदा.

तोंडाला लय लागली होती.

"पंधरा," ती म्हणाली. पेन्सिलीचं टोक बाबांवर होतं.

बाबा खाली बघत होते. बादलीतलं पाणी अर्ध्यावर आलं होतं.

शुक्रा आला. उरलेलं पाणी त्याने ओतून दिलं, बादली उपडी घातली. बाबांकडे बघितलंही नाही.

"आता पुडल्या वर्साला ही नाय लागायची," तो मंगळीला म्हणाला.

बाबांनी ठेव मोडली. हंगामाच्या पहिल्या शनिवारी पुण्याला गेले, मेजर दळवींच्या घोड्यावर सगळी रक्कम लावली. घोडा साडेतीन घोडालांबींनी जिंकला. रविवारी सकाळी बाबा परतले, पाकीट चारुताच्या हातात ठेवलं. फी, वसतिगृह, दोन वर्षांची खानावळ, सगळं त्यात भागणार होतं.

"गंमत सांगू?" ते म्हणाले. "जाता-येता कंडक्टरने तिकीटच मागितलं नाही. मी पैसे पुढे करतोय, हा पुढच्या माणसाकडे. आणि गुडघा बघ, एकदम मोकळा. घाटातल्या थांब्यावर पायऱ्या धावत चढलो."

चारुता हसली. तिने पाकीट ट्रंकेत ठेवलं.

पुढचा आठवडा तिने बारकाईने बघितला, आणि बघितलेलं लिहून ठेवलं नाही. टपाल नाक्यावर तीन चहा सांगितले, दोन आले. मतदारयाद्या तपासायला आलेल्या मास्तरांनी घरातली माणसं विचारली, आईने तीन सांगितली, त्यांनी दोन नावांवर खूण केली आणि पाणी पिऊन गेले. शेजारच्या वसुंधराकाकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "दोघीच असता गं घरात, दुपारची कडी लावत जा." बाबा त्याच दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. काकूंनी त्यांच्या पायांना वळसा घातला, जसा स्टुलाला घालतात.

पहिल्यांदा बाबा हसले. दुसऱ्यांदा नाही.

पुण्याच्या पहिल्या तीन दिवसांचं रेसबुक आणून तिने मेजर दळवींचं कार्ड केलं. शर्यतींवरून अकरा. घोड्यांवरून अकरा. सात वर्षांत पहिल्यांदाच जुळलं होतं. ती कार्डाकडे बघत बसली. मग उठून एकटीच स्कूटर काढून पळस्प्याला गेली.

शुक्रा शेडचे पत्रे बांधत होता. तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"मी पुन्हा मोजलं तर?" तिने विचारलं. "घरातली माणसं. नीट, नावं घेऊन."

"मोजा की."

"म्हणजे होईल ठीक?"

शुक्राने दोरीची गाठ आवळली. "मोजा. पन मोजनीत नाय आला तर काय करशाल? आता दिसतो तरी."

निघायच्या आदल्या दिवशी आईने दुपारी पुरणपोळी केली. चारुता जेवायला आली तेव्हा पाट दोन मांडलेले होते, ताटं दोन. बाबा भिंतीशी उभे होते.

"आई, बाबांचं ताट?"

आईने वर बघितलं. तिचा चेहरा गोंधळला, क्षणभर, नाव विसरल्यावर होतो तसा. मग म्हणाली, "वाढते हं." आणि उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि तुपाची वाटी घेऊन आली. बसून जेवू लागली.

बाबा चारुताकडे बघत होते.

"मोज ना, चारू," ते म्हणाले.

तिने ताटाकडे बघितलं.

"एकदा मोज. तुझं चुकत नाही कधी."

तीनपर्यंतच जायचं होतं. पहिली आई, दुसरी ती स्वतः. तिने तोंड उघडलं. मग पोळीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. दारातल्या ट्रंकेला आईने सकाळीच कुलूप लावून ठेवलं होतं. चारुताने पोळी संपवली. दुसरी मागून घेतली.

सकाळी सातची पुणे गाडी. आई-बाबा दोघं स्टँडवर आले. तिला उजवीकडची, मागची खिडकी मिळाली. आईने गजांतून शिदोरी आत दिली.

"पोचलीस की पत्र टाक," आई म्हणाली आणि डोळे पुसले. "आता घरात मी एकटीच."

बाबा आईच्या शेजारीच उभे होते. त्यांनी खिडकीचा गज धरला होता. चारुताने त्यांच्या बोटांवर आपला हात ठेवला. बोटं कढत होती.

कंडक्टरने घंटा मारली. गाडी हलली, आई मागे राहिली. बाबांनी गज सोडला नाही. बरोबर चालू लागले.

"सोडा, बाबा."

स्टँडच्या बाहेर वळल्यावर ते धावू लागले. मान पुढे, नजर रस्त्यावर, पाय एका लयीत. मागच्या बाकावरचा माणूस त्याच खिडकीतून बाहेर बघत जांभई देत होता.

गावातली शेवटची दुकानं मागे पडली. ड्रायव्हरने वरचा गिअर टाकला.

पळस्पे फाटा गेला. शेड गेली. गाडी आता घाटाच्या रस्त्याला चांगली भरधाव लागली होती. त्यांना धाप लागली नव्हती.