‘जलराणी’चे सात खलाशी

सातपाटीच्या मच्छीमार सोसायटीत जितेश पहिल्यांदा आला तो दारातल्या बर्फाच्या पाण्यावरून घसरतच. थेट तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या वैभवीच्या टेबलापाशी येऊन बसला... खाली. लॅपटॉप मात्र छातीशी घट्ट.

"माणूस मोडला तरी चालेल, नाही का?" ती म्हणाली.

"माणूस दुरुस्त होतो," तो हसला.

तो बोईसरचा. बोटी कुठे आहेत ते एका कंपनीच्या क्लाउडवर, वाऱ्याचा अंदाज दुसरीच्या, मासळी आणि बर्फाची नोंद तिसरीच्या. तिघींचं एकमेकींशी जुळेना. जितेशचं मिडलवेअर नावाचं सॉफ्टवेअर मध्ये बसून इकडचं तिकडे पोचवणार आणि वैभवीला सगळं एकाच पडद्यावर दिसणार.

"म्हणजे लग्नं जमवता तुम्ही."

"हो... स्वतःचं तेवढं राहिलंय."

तिने हसू दाबलं. पुढे तो दर मंगळवारी यायला लागला. दहा मिनिटांच्या कामाला दोन तास लावायचा, आणि तिलाही ते चालायचं.

मग एके दिवशी वैभवीच्या वडिलांची बोट धक्क्याला लागायच्या आधीच तिला व्यापाऱ्याचा फोन आला. "पापलेट भरपूर आहे म्हणे. भाव कमीच मिळेल." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. बोटीतलं त्याला कळतं कसं? सगळ्या खबरा एकाच माणसाच्या हातातून जात होत्या. त्या माणसाचे डोळे चांगले होते — म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

तिने सापळा लावला. ‘जलराणी’ नावाची खोटी बोट नोंदवली. सात खलाशी, नेलेला बर्फ, वीस पेट्या पापलेट. आता व्यापाऱ्याने ‘जलराणी’चं नाव काढलं की चोर सापडला.

दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, भर दुपारी जितेश धावतच आत आला. हेल्मेट डोक्यावर तसंच.

"जलराणी कुठेय? बर्फ नेलाय, मासळी नोंदलीय, पण समुद्रात कुठेच दिसत नाही! वारा वाढलाय... माझ्या जोडणीतून निसटली असेल. बोट शोधायला कळवा ना कुणाला — सात माणसं आहेत!"

वैभवी उभी राहिली.

"ती बोट... नाहीये. मीच नोंदवली. तुम्हाला पकडायला."

मग व्यापाऱ्याच्या फोनचं तिने सगळं सांगितलं.

बर्फ घ्यायला आलेली जमनामावशी कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "अगो येडे! तुजा बापूसच वायरलेसवर सगल्या दर्याला सांगतो, आज पापलेट गावला म्हणून. यापारी पन ऐकत बसलेला हाय. या पोराला कशाला छलतेस?"

मावशी गेली. जितेश अजून पडद्यावरच्या ‘जलराणी’कडे बघत होता.

"रागावलात?"

"बोईसरपासून इथपर्यंत ती सात माणसं बुडताना दिसत होती मला." त्याने पडद्यावरून नजर काढली. "आणि तुमच्या घरचं कुणी असेल तर... हेही."

तिने त्याच्या हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा सोडवला. बोटं जरा जास्तच वेळ तिथे राहिली.

"चुकले मी, जितेश."

"उद्या येऊ?"

"उद्या रविवार. सोसायटी बंद असते."

"माहितीये."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. आता शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मग घरी ये," ती म्हणाली.