छपराची खिडकी

छपराची खिडकी शिवलेलीच ठेवायची, का ते विचारायचं नाही. होस्टेलवरून घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी प्रार्थनाला एवढंच सांगण्यात आलं.

भंडारदऱ्याच्या पर्यटकांना भाड्याने द्यायला पप्पांनी घेतलेली कॅम्परव्हॅन अंगणात उभी होती. बटण दाबलं की छप्पर वर उचललं जायचं, भोवती कापडाची कनात ताणली जायची आणि आत तिघांची झोपायची जागा व्हायची. कनातीला एकच खिडकी, आणि कापड गळायचं तेही तिथेच. उद्या नाशिकचं जोडपं लहान मुलीला घेऊन येणार होतं. खिडकीची शिवण मात्र पुन्हा उसवली होती. दुपारी पप्पांनी प्रार्थनाच्या हातात सुई दिली.

"पप्पा, सुईच्या भोकांतूनच पाणी आत येतं. शिवून गळती थांबते का कधी?"

"काकांना विचार."

तिने मेणाचा दोरा घेतला, दोन्ही टोकांना जाड गाठी मारल्या आणि चिडूनच खिडकी शिवली.

रात्री जेवणं झाली. पावसाची भुरभुर होती. पडवीत सॅम्युएल काकांनी पाय पसरले. "विचारायचंच हाय ना तुला? मग ऐक. माझ्या वळखीचा एक डायव्हर हुता."

"काका, भूत डिझेलवर चालतं का?" प्रार्थनाचा धाकटा भाऊ रॉबिन म्हणाला.

"गप रे. मागच्या सालची गोष्ट. बावीस ऑगस्ट, गुरुवार. रात्रीचे पावनेतीन. गिऱ्हाईक पावसाला कटाळून हाटेलात झोपाया गेलं. ह्यानं गाडी राखायची. गाडी अशीच. खिडकीतनं पानी येतं म्हनून मालकानं ती शिवून घेतल्याली. थंडी लई. त्यानं खाली कोळशाची शेगडी पेटवली, दार लावलं, वर जाऊन पडला. आन् मग..."

काकांनी अंगणातल्या गाडीकडे बघितलं.

"कापडावर थाप पडली. एक... मग दुसरी... भाईर बाई हुती. धरनात बुडाल्याली. त्याचं नाव घेत हुती. त्यानं शिवन उसवली. बोटभर. तेवढ्यातनं ती..."

रॉबिन प्रार्थनाला चिकटला.

"सकाळी?" तिने विचारलं.

"गार पडल्याला. पन तोंड... लालबुंद. जित्या मानसासारखं."

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रार्थनाने हे वाचलं होतं. बंद जागा. जळता कोळसा. लालबुंद चेहरा. कार्बन मोनॉक्साइड.

"तो आपला ड्रायव्हर पुंजाराम होता ना, काका? कडूबाईंचा नवरा. गाडी आपली. मालक पप्पा."

"नाव कशाला पायजे तुला?"

"कडूबाईंना तुम्ही सांगितलं, की नवऱ्याला अटॅक आला. वर्षभर ती बाई आपल्याकडे भांडी घासते आहे, अजून तुम्हाला दुवा देते."

"भाईरची बला हुती, पोरी."

"बाहेर कोणी नव्हतं! थापा आतून पडत होत्या. तो हवा मागत होता. शेगडी त्याने पेटवली, पण खिडकी कोणी शिवली?"

पप्पा तिच्याकडे बघत नव्हते.

"उद्याचं गिऱ्हाईक तेवढं जाऊ दे," ते पुटपुटले. "मग बघू."

"उद्या त्या कापडात एक लहान मुलगी झोपणार आहे. मी खिडकी शिवणार नाही. दुपारी शिवलेलीही आत्ता उसवते. आणि कडूबाईंना सकाळी मीच सांगणार."

पप्पांनी मान खाली घातली. कोणी तिला अडवलं नाही.

ती कात्री आणि टॉर्च घेऊन गाडीत चढली. वर डोकं काढलं.

खिडकी उघडी होती.

दोरा गादीवर पडला होता. अख्खा. कुठे कापलेला नाही... तुटलेला नाही. दोन्ही टोकांच्या गाठी तशाच.

तिने तो उचलला. कोमट होता. त्याला कोळशाचा वास येत होता.