चेंबरमधले दोन ठोके

दिवा राहू दे बंद. आणि कुणाचं जेवायचं राहिलं असेल तर आधी उरकून या. नंतर घास घशाखाली उतरला नाही तर माझ्या नावानं ओरडायचं नाही.

काम तसं साधंच होतं. तुंबलेला संडास मोकळा करायचा. करणारा माझ्या ओळखीतला प्लंबर, वीस वर्षं याच धंद्यात मुरलेला. पण त्या रात्री तो कामावर नव्हता, सुट्टीवर होता. बायकोच्या माहेरचं सगळं खटलं गावाबाहेर एका भाड्याच्या बंगल्यात जमलं होतं. सतरा माणसं आणि संडास एक.

या सासरच्या मंडळींची एक तऱ्हा होती. सासूबाई जावयाच्या हातात पाण्याचा ग्लास द्यायच्या नाहीत, टेबलावर ठेवायच्या. त्यानं वाढायला भांडं उचललं की कुणीतरी लगबगीनं काढून घ्यायचं. ‘अहो, तुम्ही कशाला? बसा की!’ कशाला ते सगळ्यांना ठाऊक होतं. हे हात दिवसभर कुठं कुठं जातात, याची त्यांना किळस यायची. बायको मान खाली घालायची. तो हसण्यावारी न्यायचा, पण आत सलायचंच. एकदा, फक्त एकदा, या घरानं आपल्या हातून काहीतरी घेऊन खावं, एवढीच त्याची हौस होती.

आता ही सोवळी मंडळी काय करतात बघा. मावससासूबाईंनी घरून परवाचं मटण आणलेलं. टाकायचं कशाला म्हणून त्यात मसाला वाढवला आणि शनिवारी दुपारी सगळ्यांना आग्रह करकरून खाऊ घातलं. संध्याकाळपासून जी पळापळ सुरू झाली, ती विचारू नका. दाराबाहेर रांग. नातू दार बडवतोय, “आजोबा, झालं का?” आतून आजोबा, “झालं असतं तर बाहेर नसतो का आलो, गाढवा!” मामेसासरे झाडाआड गेले ते ओरडतच परत आले, कारण झाडाआड आधीच थोरल्या वहिनी होत्या.

आणि रात्री दीड वाजता सगळं उलटं वर आलं. संडासातून, मोरीतून. हॉलमधल्या गाद्यांपर्यंत. त्यात कुणाचं तरी पोर पाय घसरून आपटलं. वासानं डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सासरेबुवा नाकाला टॉवेल लावून पुढे आले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, “जावईबापू... जरा बघता का?”

मटण त्यानंही खाल्लं होतं. पण तो उठला. गाडीतून तारेचं भेंडोळं आणि पाना काढला, मेव्हण्याला सोबत घेतलं. ड्रेनेजचं एक चेंबर घराच्या भिंतीलगत होतं, दुसरं कुंपणापाशी, साठ फुटांवर. मधली लाइन तुंबली होती.

“ओरडलेलं ऐकू येत नाही, पाइपावर ठोके मारायचे,” त्यानं मेव्हण्याला समजावलं. “एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे हाताला लागलं. तीन म्हणजे ओढ.”

“भावोजी, मला उलटी होईल हो.”

“झाली तर बाजूला कर. चेंबरमध्ये नको.”

दोनला दहा कमी. प्लंबर भिंतीकडच्या चेंबरपाशी पालथा पडला आणि तार आत सारू लागला. कुंपणाकडून मेव्हण्याचे दोन ठोके आले. यानं तीन मारले. तार सरसरत गेली, मागोमाग गुडगुड करत सगळी घाण उतरली. लाइन मोकळी झाली होती.

आता पाइपाच्या तोंडाशी काही अडकलंय का, एवढंच बघायचं राहिलं. त्यानं बाही सारली आणि उजवा हात पाइपात घातला, पार खांद्यापर्यंत. आत कोमट, बुळबुळीत. चिंधी लागली, केस लागले. त्यालासुद्धा शिसारी आली.

तेवढ्यात दोन ठोके ऐकू आले.

हाताला लागलं...

पण या वेळी लांबून नाही. त्याच्या बोटांच्या पुढं, वीतभर अंतरावर.

आणि वीस वर्षांची सवय. डोकं काही म्हणायच्या आत डाव्या हातातल्या पान्यानं उत्तर दिलं. तीन.

ओढलं.

गाल चेंबरच्या भिंतीवर आपटला. तोंडात... नको, ते सांगत नाही. हात पकडला होता. घट्ट नाही. मऊ. सुजल्यासारखं मऊ. हिसका दिला, सुटेना.

मग ते चोळायला लागलं.

अंगठा. मग पहिलं बोट. मग मधलं... सावकाश. पेरापेरांतून. जेवायला बसायच्या आधी लहान पोराचा हात धुतात, तसं.

त्या घाणीतून साबणाचा वास आला.

त्यानं डाव्या हातानं पाना उचलला. एक ठोका मारला. थांब.

थांबलं.

बराच वेळ नुसतंच धरून राहिलं...

मग सोडलं.

मागं टॉर्च चमकला. मेव्हणा घराच्या दारातून येत होता, तोंड पुसत. “सॉरी हो भावोजी. तार ओढली आणि उलटीच आली, आत पळालो. तिकडं कुणी नाहीये आता. झालं का सगळं?”

सकाळी बंगला धुऊनपुसून लख्ख. यानं सगळ्यांना चहा केला, कारण उठून करण्याइतकं त्राण दुसऱ्या कुणात नव्हतं. सासूबाईंनी त्याच्या हातून कप घेतला. थेट हातातून! सासऱ्यांनी घेतला, एकूण एकानं घेतला. मावससासूबाईंनी तर त्याचा हात धरून उजेडात बघितला आणि म्हणाल्या, “काय नितळ हात आहे हो तुमचा! उगाच आम्ही आपलं...”

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मात्र उठला, मागच्या अंगणात गेला आणि आतडी पिळवटेपर्यंत ओकला. तेव्हापासून तो चमच्यानं जेवतो, तोही डाव्या हातात धरून. उजव्या हाताची त्याला किळस येते. बाकी कुणालाच येत नाही.

मला त्यानं तो हात दाखवला होता. गोरा, स्वच्छ. पाचही नखं कापलेली, कडा गोल घासलेल्या. मी म्हटलं, बरी निगा ठेवतोस. तर म्हणाला, मी नाही कापली, त्या रात्री बाहेर आला तेव्हा हात असाच होता.

सहा वर्षं झाली. डाव्या हाताची नखं तो दर रविवारी कापतो. उजव्याची अजून वाढलेली नाहीत.