कळमेश्वरची शर्यत

तुरीच्या ओळींतून काहीतरी सळसळत आलं आणि विहिरीजवळ धपकन पडलं. चारुशीलेच्या ओच्यातल्या शेंगा सांडल्या. ती दोन पावलं मागे सरली... मग पुढे झाली.

कुत्री होती. अशी कुत्री तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. लांबलचक पाय, मुठीत मावेल एवढी कंबर, बोटानं मोजाव्यात अशा फासळ्या. बैलाला बांधतात तसं चामड्याचं मुसकं तोंडाला आवळलेलं. पुढचा एक पाय मोडून लोंबत होता. एवढं होऊनही ती केकाटत नव्हती. नुसती थरथरत चारुशीलेकडे पाहत होती.

मागोमाग एक तरुण धापा टाकत आला. अंगात खाकी कोट, हातात बंदूक.

"बाजूले व्हा जी. तुमाले काही केलं तं नाही ना तिनं?"

"ती काय करणार? तिचं तोंड तं बांधलेलं आहे." चारुशीला जागची हलली नाही. "बंदूक कोणासाठी?"

त्यानं बंदूक पाठीमागे धरली.

"मी विचारून राहिली, बंदूक कोणासाठी?"

"पाय मोडला तिचा. आता पळणार नाही. मामाजीचा हुकूम आहे."

मामाजी म्हणजे कोण, ते तिला सांगावं लागलं नाही. तिच्या गावाच्या, हुडकेश्वराच्या शिवेपलीकडचं गाव मालगुजार चंपतरावांचं. बैल काय, शंकरपटात कोणीही पळवतो; विलायती ग्रेहाउंड कुत्रे पळवणारे आपण एकटेच, याचा त्यांना मोठा तोरा. पुढे जिवंत ससा सोडायचा, मागे कुत्री, आणि मांडवात बसून साहेब लोकांनी टाळ्या पिटायच्या. हा तरुण त्यांचा भाचा. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हापासून मामाच्या घरी वाढलेला.

"तुमचे मामाजी संधिवातानं काठी टेकत चालतात म्हणतात," चारुशीला म्हणाली. "त्याईच्यासाठी कोणी बंदूक काढली का?"

त्याला हसू फुटलं. त्यानं ते दाबलं, पण मिशीखाली थोडं उरलंच. तिला त्याचाही राग आला.

"हसायले काय झालं?"

"मामाजीबद्दल असं बोलणारं माणूस पहिल्यांदा भेटलं... बरं वाटलं."

ती खाली मातीत बसली आणि कुत्रीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. "मारा आता."

त्यानं एकदा कुत्रीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग बांधापर्यंत चालत गेला, नळी आभाळाकडे केली आणि बार काढला. चिंचेवरचे पोपट कलकलत उडाले.

परत येऊन तो हलकेच म्हणाला, "मेली ती. आता तुमची."

"नाव तं सांगून जा."

"मधुकर."

"तुमचं नाही. तिचं."

त्याचे कान लाल झाले. "राणी," तो म्हणाला आणि तुरीत शिरला.

चारुशीला शहरात, महाल भागातल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. रविवारी हुडकेश्वराला घरी यायची. तिचे वडील गणपतराव हलक्या हाताचे. त्यांनी बांबूच्या कामट्या लावून राणीचा पाय बांधला. पुढच्या रविवारी मधुकर भाकरी आणि दूध घेऊन आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. येताना दरवेळी नवं निमित्त असायचं.

"आज कशासाठी?" ती विचारायची.

"पट्टी पाहायले."

"पट्टी बाबांनी काल पाहिली."

"मग... बाबांले पाहायले."

ती हसू लपवायला पाठ फिरवायची. त्याचं बोलणं थांबत थांबत, शब्द चाचपत यायचं, आणि राणी त्याच्या पायाशी डोळे मिटून पडलेली असायची. हे सगळं तिला आवडू लागलं होतं, म्हणून एके दिवशी तिनं मनातला प्रश्न विचारला.

"बाकीचे कुत्रे कसे राहतात?"

त्यानं सांगितलं. अंधाऱ्या खोलीत, मुसकं बांधून. शर्यतीच्या आधी उपाशी ठेवतात. भुकेलं जनावर जोरात धावतं म्हणून. धावून धावून तळवे फाटतात. जी मागे पडते, ती पुढच्या हंगामात दिसत नाही.

"अशा किती गेल्या?"

"मोजल्या नाहीत."

"मोजायची लाज वाटली असंल." तिचा आवाज चढला नाही. "तुमी त्याईले हातानं चारता. तुमच्यावर त्याईचा जीव आहे. आणि त्याच हातानं बंदूक घेता. खाटीक बरा जी, तो लळा तं लावत नाही."

मधुकरचा चेहरा पांढरा पडला. तो उठला आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. चारुशीला पायवाटेकडे पाहत राहिली, आणि आपण पाहतो आहोत याची तिला चीड आली. राग कुठंतरी काढायचा म्हणून ती ठाण्यात गेली. फौजदारानं पानाचा विडा गालात सरकवला.

"बाई, कुत्रे त्याईचे, वावर त्याईचं, साहेब त्याईचे पाहुणे. फिर्याद कोणाच्या नावानं लिहू, सशाच्या?"

बाकड्यावरचे शिपाई हसले. ती परतली तेव्हा तिच्या कानशिलांत ठणके पडत होते.

माघात कळमेश्वरच्या माळावर मोठी शर्यत ठरली. साहेबांसमोर स्वागताचं गाणं म्हणायला शाळेच्या मुली न्यायच्या, असा मोठ्या बाईंचा हुकूम सुटला. चारुशीला मुलींना घेऊन आगगाडीनं गेली.

मांडवात खुर्च्या, मडमांच्या टोप्या, अत्तराचा वास. माळाच्या कडेला मात्र कुत्र्यांचे पिंजरे होते, आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं. पट्टे धरून माणसं उभी होती. शेवटचा मधुकर. त्याच्या हातातल्या पट्ट्याला करड्या रंगाचा एक कुत्रा होता, आणि कुत्र्याच्या पंज्याखालची माती ओली, लाल झाली होती.

मधुकरनं तिला पाहिलं. नजर खाली घातली... पुन्हा वर केली.

"मुलींनो, गाणं नाही म्हणायचं," चारुशीला म्हणाली आणि तडक मांडवात गेली. "मालगुजारसाहेब, त्या कुत्र्याच्या पायातून रक्त येऊन राहिलं. तो कसा पळंल?"

चंपतराव साहेबाकडे पाहून हसले. "बाई, तुमी गाणं म्हणा. कुत्र्याचं आमी पाहतो."

"पाहिलं असतं तं त्याले इथं आणलं नसतं."

चंपतरावांचं हसू गेलं. त्यांनी काठी उचलून इशारा केला. ससा सुटला. पट्टे सुटले. मधुकरनं मात्र आपला पट्टा मनगटाला गुंडाळला.

"सोड गा," चंपतराव ओरडले.

"नाही सोडत, मामाजी."

"काहून?"

"तो मरंल. अन् राणीबी मेली नाही. मी तुमाले खोटं सांगितलं होतं. आता खरं सांगून राहिलो."

सगळ्यांदेखत चंपतरावांची काठी त्याच्या खांद्यावर बसली. पुन्हा बसली. मधुकरनं हात वर केला नाही, पट्टाही सोडला नाही.

"जा घेऊन ते लंगडं. माझ्या दारात पुन्हा पाय टाकू नोको."

शर्यत थांबली नाही. माळाच्या टोकाला कुत्र्यांनी ससा गाठला, एक धाकटी मुलगी रडू लागली, आणि मांडवात टाळ्या वाजल्या. चारुशीलेनं त्या मुलीचं तोंड आपल्या पदरात घेतलं. त्या टाळ्या ऐकताना तिला वाटलं, या हातांना कधी काही दुखलंच नसेल.

स्टेशनवर मधुकर बाकाखाली कुत्र्याला बसवून त्याच्या पंज्याला आपला रुमाल बांधत होता. मुली दूर पाणी पीत होत्या. चारुशीला त्याच्यापाशी गेली.

"खांदा दुखते का?"

"थोडा." तो सरळ झाला. "तुमची नोकरी?"

"गेली असंल."

"माझ्यामुळं..."

"तुमच्यामुळं काहून? तोंड माझं आहे."

वारा वाळलेल्या गवताचा वास घेऊन येत होता.

"मी त्या दिवसानंतर आलो नाही," तो म्हणाला, "कारण तुमी बोलल्या ते खरं होतं. आज... आज येऊ का? गणपतरावांले भेटायले."

"बाबांशी काय काम?" तिला कळलं होतं. तरी तिला ते ऐकायचं होतं.

"तुमाले मागायचं आहे. आता घर नाही, दार नाही. गुरांच्या दवाखान्यात काम मागीन, मिळंल न मिळंल. तुमी नाही म्हटलं तरी माझं काही..." शब्द अडकले. "नाही, तसं नाही. नाही म्हटलं तं लय दुखंल."

तिनं वाकून कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"माझा राग गेला नाही, मधुकरराव. बाकीचे कुत्रे अजून त्या खोलीत आहेत. मी पुन्हा ठाण्यात जाईन. तिथं हसले तं वरच्या साहेबाकडे जाईन. पुढच्या साली शर्यत भरली तं मांडवात जाऊन हेच बोलीन. लोक तुमाले म्हणतील, बायको आवरत नाही."

"म्हणू द्या." त्यानं खांदा चोळला. "फक्त आधी सांगत जा. एवढी काठी बसते तं तेल लावून येत जाईन."

ती हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं पुसलं नाही. त्याला पाहू दिलं.

"रविवारी या," ती म्हणाली.

गाडी आली. कुत्र्याला डब्यात घेणार नाही म्हणून गार्डानं हात हलवला. मधुकर म्हणाला, सडकेनं हळूहळू येतो, लागेल तिथं त्याला खांद्यावर घेतो. चारुशीलेनं मुलींना चढवलं, शेवटी स्वतः चढली आणि खिडकीशी आली. गाडी हलली. तो पट्टा धरून गाडीबरोबर चालत होता.

"मधुकरराव," तिनं खिडकीतून हाक मारली, "रविवारी नोका येऊ."

त्याची पावलं थबकली.

"उद्याच या," ती म्हणाली. "मी घरीच आहे."