बोडीच्या पाण्याने रंगवलेलं पान

रेणू स्टीलचा डबा घेऊन बोडीवर, गावच्या लहानशा तळ्यावर, गेली ती रंगांसाठी पाणी आणायला, एवढंच. धान कापून झालं होतं. शेतांच्या चौकोनी बांध्या उघड्या पडल्या होत्या आणि दुपार इतकी निपचित होती, की काठाच्या पाळीवरून उतरताना तिला स्वतःच्या चपलांचा आवाज नकोसा झाला. पाण्याला शेवाळाचा वास होता, आणि त्याच्या आत आणखी कसला तरी, बंद खोलीसारखा.

बडोद्याला चित्रकला शिकून ती अर्जुनी मोरगावजवळच्या आपल्या गावी परतली होती, मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करायला. इथल्या पोरांनी पुस्तकात पाहिले ते बर्फाचे डोंगर आणि परक्यांची घरं. आपल्या पोराला पुस्तकात आपलं गाव दिसलं पाहिजे, तो स्वतः दिसला पाहिजे, असं ती भेटेल त्याला तळमळून सांगायची. म्हणूनच बोडीचं चित्र बोडीच्याच पाण्याने रंगवायचं होतं.

वाटेत शेजारच्या सुशिलाबाईंनी डबा पाहिला.

"काऊन वं, हे पानी घरी नेऊन राहिली?"

"चित्राले पाहिजे, काकू."

"बोडीचं पानी वावरात जाते, घरात नाई. भांड्यात नेलं का ते परत मांगते."

"मंग देऊन टाकीन परत!" रेणू हसली.

सुशिलाबाई हसल्या नाहीत.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तिने नुसतं पाणी काढलं. कागद आधी भिजवला, त्यावर हिरवा रंग सोडला आणि त्याचा तो पसरू दिला. माणूस नाही, बगळा नाही. वाचणाऱ्या पोराने त्यात हवं ते पाहावं.

पान वाळल्यावर तिने ते ओसरीवर दोघांपुढे धरलं. एक तिच्या भावाची गुंजन, दुसरा समोरच्या घरचा गुड्डू.

"सांगा, काय दिसते?"

"मी!" गुड्डू ओरडला.

"हट! मी हावो. तू माह्या मांगं हायस. तोंड पाह्य तुहं, बेंडकावानी!"

रेणूचे डोळे भरून आले. हेच तर तिला हवं होतं. याचसाठी तर ती आली होती.

गुंजन पानावर आणखी वाकली. तिचं हसू हळूहळू ओसरलं.

"आत्या... आपली खिडकी दिसते इथून. तू बसली हायस... चित्र काढून राहिली."

रेणूला पानावर फक्त हिरवं दिसत होतं.

"कुठून दिसते, बेटा?"

"खालून..."

गुड्डूने दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं होतं. ओसरीवर कुठेही पाणी नव्हतं, तरी त्याच्या केसांतून ते ठिबकत होतं.

रेणूने पान ओढलं, डबा उचलला आणि ती धावत सुटली. पाळीवर पोचताच तिने डब्यात उरलेलं पाणी बोडीत ओतलं. पण बाकीचं कागदात मुरलं होतं. घे, तेही घे, पण पोरांना सोड, असं पुटपुटत तिने पान पाण्यात बुडवलं. रंग सुटला. हिरव्याचा एक धूर वळसे घेत खाली, खाली गेला. हातात उरला तो कोरा कागद. दिलं सगळं परत, ती स्वतःशीच म्हणाली, आणि घराकडे वळली.

घरी आली तेव्हा समोरच्या अंगणात गुड्डूची आई त्याला गदागदा हलवत होती. "बोल ना रे बाप्पा! बोल ना!" गुड्डू मान वर करून उभा होता. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं.

गुंजन ओसरीवरच बसली होती. रेणूने तिचे खांदे धरले. ते गार होते, चिखलासारखे मऊ होते.

"गुंजन... मी पाणी परत दिलं. सगळं दिलं..."

"हो." ओठ हलले नाहीत. आवाज फार लांबून आला, मातीच्या थराखालून यावा तसा. "पण आम्ही त्याच्यातच होतो ना, आत्या... आता खिडकी नाई दिसत. अंधार हाय."

रेणूला हाक मारायची होती, कोणालाही. तिने गुंजनचे खांदे आणखी घट्ट धरले.

"इथं लय पोट्टे हायत, आत्या... आमच्या पैलेपासून. ते विचारून राहिले, आम्हाले कोणं पाठवलं म्हणून..."

गुंजनने नजर वर उचलली.

"तुहं नाव सांगू का त्यायले?"